बुजवण्याआधी बघू द्या

नमस्कार श्रोतेहो.

घर बांधून होतं, रंग लागतो, गुरुजींना विचारून वास्तुशांतीची तारीखही ठरते. आणि नेमके तेव्हा तपासणीला आलेले साहेब अंगणातल्या चेंबरचं झाकण उचलतात आणि शेरा मारून जातात: ड्रेनेजची जोडणी सदोष. कम्प्लिशन, म्हणजे घर पूर्ण झाल्याचा महापालिकेचा दाखला, अडकलं. घरात सगळ्यांची तोंडं उतरतात आणि पहिली चर्चा होते ती वशिला कोणाचा लावायचा याची. गेली बरीच वर्षं मी नाशकात घरांच्या पाण्याची आणि ड्रेनेजची कामं करून घेतोय. माझं तुम्हाला कळकळीचं सांगणं आहे, तो शेरा मनावर घ्या. जमिनीखाली गेलेलं काम पुन्हा कोणी बघत नाही. तुमच्या वतीनं ते बघणारा हा बहुधा शेवटचा माणूस असतो.

उंटवाडीच्या बाजूला असंच एक घर होतं, तळमजला आणि वर एक मजला. शेऱ्यात तीन गोष्टी होत्या. धुण्याच्या जागेचं पाणी पावसाच्या पाईपात सोडलेलं, स्वयंपाकघराचं पाणी गली ट्रॅप, म्हणजे वास अडवणारा पाण्याचा सापळा, न बसवता थेट चेंबरमध्ये, आणि चेंबरमधून पुढे जाणाऱ्या पाईपला ढाळ, म्हणजे उतार, नाही. घरमालक काका वैतागले होते. म्हणाले, "अहो, पाणी तर जातंय ना सगळं? कुठे तुंबलंय का?" हा प्रश्न मला प्रत्येक घरात ऐकायला मिळतो. पाणी जातंय हे खरं, पण जातंय कुठे?

वहिनींकडून कपड्यांची नीळ मागून घेतली, बादलीभर पाण्यात कालवली आणि धुण्याच्या जागेत ओतली. आम्ही सगळे चेंबरभोवती वाकून उभे. चेंबरमध्ये थेंब आला नाही. तेवढ्यात फाटकाबाहेरून मुलानं हाक मारली, कारण रस्त्याकडेच्या पावसाळी गटारातून निळं पाणी चाललं होतं. काका त्यानंतर काही बोलले नाहीत, त्यांनी थेट मिस्त्रींना फोन लावला.

श्रोतेहो, ते पावसाळी गटार नंदिनीत जातं, आपण जिला नासर्डी म्हणतो तिच्यात. नासर्डी टाकळीजवळ गोदावरीला मिळते. तपोवनात, आगरटाकळीला मलनिस्सारण केंद्रं आहेत, पण तिथे शुद्ध होतं ते फक्त ड्रेनेज लाईननं तिथवर पोहोचलेलं पाणी. आपल्या साबणाचं आणि भांड्यांच्या खरकट्याचं पाणी पावसाच्या पाईपात गेलं, तर ते कुठेही न थांबता नदीत उतरतं. २०२७ च्या सिंहस्थासाठी गोदावरी स्वच्छ हवी असं आपण सगळेच म्हणतो. तिचं एक टोक आपल्या मोरीत आहे.

उलटी चूकही तितकीच सर्रास होते. गच्चीचं पाणी ड्रेनेजला जोडून मोकळे. ड्रेनेजचा पाईप घरच्या सांडपाण्याच्या हिशोबानं टाकलेला असतो. जुलैतल्या एका जोरदार सरीत सगळ्या कॉलनीच्या गच्च्यांचं पाणी त्यात शिरलं की चेंबरची झाकणं उचलली जातात आणि उतारावरच्या शेवटच्या घराच्या न्हाणीघरात मैला वर येतो. त्या घरातल्या माणसांचा यात काडीचाही दोष नसतो. म्हणून पावसाचं पाणी वेगळं आणि सांडपाणी वेगळं, यात तडजोड करू नका.

आता ढाळाचं बघू. चार इंची पाईपला चाळीसला एक आणि सहा इंचीला साठला एक, हा आमच्या धंद्यातला जुना आणि भरवशाचा हिशोब. म्हणजे चार इंची पाईपला दहा फुटांत तीन इंच उतार. डोळ्यांनी तो कळत नाही, पाण्याची लेव्हल ट्यूब लावूनच बघायचा. काकांच्या घरी पाईप सरळ काळ्या मातीवर टाकला होता, आणि अधूनमधून विटांचे तुकडे ठेवून उचलला होता. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. विटेवर पाईप टेकलेला राहतो, दोन विटांच्या मधे तो खाली बसतो, आणि त्या पोटात मैला साठत जातो. काकांचा चेंबर त्यामुळेच भरलेला होता. तो नुसता उपसून भागलं नसतं.

मग पाईप काढला, काळी माती उपसून मुरूम लागेपर्यंत खोदलं, मुरूम ठोकून वर वाळूचा थर दिला आणि पाईप पूर्ण लांबीनं त्यावर टेकवला. पाईपचं रुंद तोंड नेहमी चढाच्या बाजूला ठेवायचं. जिथे दोन पाईप मिळतात तिथे सरळ काटकोनाचा टी होता, तो काढून तिरका वाय बसवला. काटकोनात आलेलं पाणी समोरच्या भिंतीवर आपटतं आणि घाण मागे फेकतं. वायमधून तेच पाणी वाहत्या प्रवाहात सामील होतं. चेंबरचा तळही सपाट ठेवायचा नाही. मधे अर्धगोल पन्हळ आणि दोन्ही बाजूंनी तिच्याकडे उतरता, गुळगुळीत घोटलेला सिमेंटचा उतार. चांगल्या गवंड्याचा हात तिथे ओळखू येतो.

स्वयंपाकघराच्या पाईपला गली ट्रॅप बसवला. ट्रॅपमध्ये कायम साठून राहणारं दोनेक इंच पाणी हे तुमच्या घराचं दार आहे. मैल्याचा वायू ते अडवतं. न वापरलेल्या न्हाणीघरात एप्रिल-मे महिन्यात वास येतो तो बहुतेक वेळा ते पाणी आटल्यामुळे. तांब्याभर पाणी ओता, वास थांबेल. वरच्या मजल्यावर फ्लश केल्यावर खालच्या न्हाणीतून गुडगुड आवाज येत असेल, तर हवेचा पाईप आहे का आणि तो गच्चीच्या वर मोकळा सुटलाय का ते आधी बघा.

एक गोष्ट जरा थांबून सांगतो. चेंबर साफ करायला किंवा सेप्टिक टँक बघायला माणूस आत उतरवू नका. पैशांसाठी कोणी तयार झालं तरी नाही म्हणा. आतल्या वायूनं काही क्षणांत शुद्ध हरपते, आणि वाचवायला उतरणाराही वर येत नाही. २०१३ च्या कायद्यानं असं काम करून घेणं गुन्हा आहे. यंत्राची गाडी मागवा.

काम झालं की चर लगेच बुजवायची घाई नको. पाईपच्या एका टोकाला बॅटरी धरा, दुसऱ्या टोकाला आरसा. आरशात पूर्ण गोल उजेड दिसला तर पाईप सरळ आहे. गोल वरून किंवा खालून कापल्यासारखा दिसला तर मधे कुठेतरी पोट आहे किंवा सिमेंट सांडलंय. नंतर खालचं टोक प्लगनं बंद करून वरून पाणी भरा आणि तासभर पातळीवर खूण करून ठेवा. पाणी उतरलं तर कुठलातरी जोड गळतोय. त्यानंतर तीच नीळ, प्रत्येक मोरीतून आणि प्रत्येक बेसिनमधून. गच्चीवरचं पाणी मात्र चेंबरमध्ये दिसता कामा नये.

रस्त्यातल्या मुख्य लाईनला हात लावायचा असेल तर महापालिकेची परवानगी आणि परवानाधारक प्लंबर लागतो. रात्रीत रस्ता फोडून जोडणी उरकणारे पुष्कळ भेटतील, त्यांना नकार द्या.

एका कागदावर घराचा साधा नकाशा काढा. कुठला पाईप भिंतीपासून किती फुटांवर आणि किती खोल आहे ते लिहा, उघड्या चराचे फोटो काढा आणि घराच्या कागदपत्रांच्या फाईलमध्ये ठेवा. फेरतपासणीचा अर्ज द्या, आणि साहेब येऊन बघेपर्यंत चर उघडाच राहू द्या. मुलंबाळं, गाईगुरं पडू नयेत म्हणून भोवती दोरी बांधा, रात्री एक दिवा लावा.

नमस्कार.