शेवटचे ठणठणीत कधी होते?

(दृश्य: टेबलावर अर्धवट राहिलेला चहा, खाली पडलेला चमचा.)

पक्षाघात बहुतेक वेळा दुखत नाही. छातीत कळ आली तर माणूस हाक तरी मारतो. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की हातातली वस्तू सुटते, जीभ जड होते, आणि ज्याला हे होतंय तोच म्हणतो, "काही नाही, जरा पडतो."

हा हट्ट नसतो. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली, तर आपलं डावं अंग लुळं पडलंय ही जाणीवच काही रुग्णांमध्ये नाहीशी होते. डाव्या बाजूला झाली, तर बहुतेकदा भाषेवर घाला येतो. एकाला कळत नाही, दुसऱ्याला सांगता येत नाही. त्यामुळे ओळखायचं शेजारच्या माणसानेच.

(दृश्य: समोरासमोर बसलेली दोन माणसं. चेहरा जवळून.)

आधी दात दिसतील असं हसायला सांगा. नुसतं तोंडाकडे बघून फसायला होतं, कारण शांत चेहऱ्यात थोडा वाकडेपणा अनेकांचा असतोच. हसताना ओठांचा एक कोपरा वर जातो, दुसरा जागीच राहतो, आणि त्या बाजूची नाकापासून ओठापर्यंतची घडी पुसट होते.

मग दोन्ही हात समोर, खांद्याच्या उंचीवर, तळवे वर. डोळे मिटायला सांगा आणि दहापर्यंत मोजा. डोळे उघडे असले की खाली येणारा हात माणूस बघून सावरतो, म्हणून ते मिटायचे. कमजोर हात हळूहळू उतरतो. कमजोरी बारीक असेल तर आधी तळवा आत वळायला लागतो. "माझा हात दाबून दाखवा" या परीक्षेत अशी बारीक कमजोरी सहज निसटते.

आता एक साधं वाक्य म्हणायला लावा. उच्चार बोबडे झाले तर कुणाच्याही लक्षात येतं. चुकतं ते दुसऱ्या प्रकारात: बोलणं सरळ, वेगात चालू असतं, पण शब्द भलतेच. किल्ली हवी असते आणि तोंडातून पंखा येतो. घरच्यांना वाटतं, भ्रम झालाय. अशा वेळी "डोळे मिटा, मूठ वळा" असं सांगून पाहा, मात्र स्वतः करून दाखवू नका. समजलं नसलं तरी माणूस नक्कल करतो.

या तिन्हींपैकी एकच गोष्ट अचानक बिघडली असेल, तरी रुग्णवाहिका बोलवायला तेवढं पुरे.

मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघात मात्र या तिन्ही परीक्षांतून सुटू शकतो. अचानक एकाचे दोन दिसणं, नजरेची एक बाजू जाणं, आधाराशिवाय उभं राहता न येणं ही त्याची खूण. नुसती चक्कर बऱ्याचदा कानाची असते. चक्कर येतेय आणि पाऊलही टाकता येत नाही, तर तिला कानाची समजू नका. क्षणात शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखीही तातडीचीच.

(दृश्य: भिंतीवरचं घड्याळ. कागदावर वेळ लिहिणारा हात.)

रुग्णालयात पहिल्या काही प्रश्नांत एक असतो: शेवटचे ठणठणीत कधी होते? मेंदूचा रक्तपुरवठा अडवणारी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठ्या धमनीतली गुठळी नळीने काढायची, तर सहसा ६ तास. मेंदूच्या चित्रात वाचवण्याजोगा भाग दिसला तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत.

झोपेत झटका आला की इथेच घोळ होतो. रात्री ११ला झोपलेला माणूस सकाळी ६ला उठला आणि हात हलेना, तर वेळ ६ नव्हे, ११ धरतात. म्हणजे ७ तास. पण पहाटे ४ला तो स्वतः चालत बाथरूमला जाऊन आला हे कुणी पाहिलं असेल, तर उलटलेले तास फक्त २. एवढ्या एका आठवणीने उपचार बदलतो. म्हणून घरातल्या प्रत्येकाला विचारा, आणि अंदाज असेल तर अंदाज आहे असंच सांगा.

रुग्णवाहिका येईपर्यंत ॲस्पिरिन देऊ नका. बहुतेक पक्षाघात गुठळीचे, पण काही रक्तस्रावाचे असतात, आणि सीटी स्कॅनशिवाय ते वेगळे ओळखता येत नाहीत. बीपी वाढलेलं दिसलं तरी मनाने गोळी देऊ नका. एकदम उतरलेल्या बीपीने मेंदूच्या उपाशी भागाला मिळणारं उरलंसुरलं रक्तही तुटतं. पाणीसुद्धा नको, गिळण्याची क्रिया बिघडलेली असेल तर ते फुप्फुसात जातं. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. ग्लुकोमीटर हाताशी असेल तर साखर तपासा, कारण खूप उतरलेली साखर हुबेहूब पक्षाघातासारखी दिसते. पण त्यासाठी फोन थांबवू नका. चालू औषधं सोबत घ्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर शेवटची कधी घेतली, हे लिहून द्या.

आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तर? घरी थांबायचं नाही. अशा तात्पुरत्या झटक्यानंतर मोठा पक्षाघात येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. त्याच दिवशी मेंदूचं चित्र, मानेच्या धमन्यांची तपासणी आणि ईसीजी व्हायला हवा. ईसीजीत ठोके नियमित आले, तरी मधूनच बिघडणारी लय पकडण्यासाठी २४ तास किंवा अधिक काळ नोंद ठेवावी लागू शकते.