दोन ग्रॅमचा प्रश्न

(घरगुती सौंदर्यप्रसाधनांच्या वर्गात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागच्या रविवारी आपण साधं क्रीम करून पाहिलं, आणि आज बऱ्याच जणींनी आपापल्या डब्या आणल्या आहेत. मघाशी एक डबी उघडून वास घेतला. त्यात हळद होती, ज्येष्ठमध होतं, कुंडीतल्या कोरफडीचा गर होता, व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून घातली होती आणि वर लॅव्हेंडर तेलाचे दहा थेंब. कुणासाठी केलंत म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, "लेकीसाठी. तिची स्किन फार सेन्सिटिव्ह आहे ना, म्हणून सगळं नैसर्गिक घातलं."

हसू नका, मीही सुरुवातीला हेच केलंय. पण जरा विचार करा. ज्या मुलीला नवीन साबणसुद्धा सोसत नाही, तिच्या गालावर आपण एकदम पाच अनोळखी पाहुणे नेऊन बसवले. उद्या गाल लाल झाला तर पाचातला कोण नडला, हे कसं कळणार? आज मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे की एका वेळी एकच ॲक्टिव्ह, म्हणजे त्वचेवर प्रत्यक्ष काम करणारा घटक, घाला आणि तो वजन करून घाला.

त्याआधी बेसबद्दल, म्हणजे ज्यात ॲक्टिव्ह मिसळायचा त्या साध्या क्रीमबद्दल, दोन शब्द. क्रीम म्हणजे काय, हे ज्यांनी घरी ताक घुसळलंय त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही. दुधात पाणी जास्त आणि स्निग्धांशाचे बारीक कण त्यात तरंगतात. लोण्यात सगळं उलटं, म्हणजे स्निग्धांश जास्त आणि पाण्याचे थेंब त्यात अडकलेले. आपलं चेहऱ्याचं क्रीम दुधाच्या जातीचं. १०० ग्रॅमचा हिशेब असा : डिस्टिल्ड वॉटर ७५, ग्लिसरीन ३, तेल १५, इमल्सिफायर ६ आणि प्रिझर्व्हेटिव्ह १.

यातल्या इमल्सिफायरकडे, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव धरून ठेवणाऱ्या घटकाकडे, कुणाचं लक्ष जात नाही, आणि खरी गोम तिथेच असते. ब्रिटिश फार्माकोपियातलं (म्हणजे तिथल्या औषधांच्या प्रमाणग्रंथातलं) इमल्सिफाइंग वॅक्स घेतलंत, तर त्यात दहावा हिस्सा सोडियम लॉरिल सल्फेट असतं. म्हणजे शाम्पूत फेस आणतं तेच. धुऊन टाकायच्या वस्तूत ते चालून जातं. रात्रभर चेहऱ्यावर ठेवायच्या वस्तूत नाजूक त्वचेला ते टोचतं. ब्रिटनमध्ये याच मेणापासून बनणारं ॲक्वियस क्रीम इसब झालेल्या मुलांना सर्रास लावायला देत. काही मुलांची त्वचा त्याने चुरचुरते, असा इशारा तिथल्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये दिला. तेव्हा दुकानदार नुसतं "वॅक्स" म्हणाला तर थांबा, घटक वाचा. ऑलिव्ह तेलापासून केलेला सेटिअरिल ऑलिव्हेटचा इमल्सिफायर मिळतो, तो घ्या. तेल मात्र ऑलिव्हचं नको. त्यातल्या ओलिक आम्लाने त्वचेचा वरचा थर सैल पडतो. सूर्यफुलाचं तेल बरं.

हा बेस काहीही न घालता दोन आठवडे वापरायचा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला सात दिवस, दिवसातून दोनदा, मग कानाखाली, जबड्याच्या कडेला, मग चेहऱ्यावर. लावल्या लावल्या आग झाली तर ती चुरचुर. खरी ॲलर्जी मात्र सावकाश येते, दोन ते चार दिवसांनी खाज सुटते. मनगटावर पाच मिनिटं लावून "मला काही झालं नाही" म्हणणाऱ्यांसाठी हे सांगतेय.

बेस सोसला की पहिला ॲक्टिव्ह. मला विचाराल तर नायसिनमाइड. हे व्हिटॅमिन बी-३. त्याची एक गोष्ट आपल्या दख्खनची आहे. या व्हिटॅमिनच्या अभावाने पेलाग्रा होतो. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडते, सोलते, गळ्याभोवती माळ घातल्यासारखा पट्टा उठतो. मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या गरीब लोकांत तो आढळे, आणि ज्वारीचा त्याच्याशी काय संबंध, याचा शोध हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास घेतला. (भाकरी सोडू नका, विषय तो नाही. सोबत डाळ, दूध, भाजी असली की झालं.) पोटातून कमी पडलं तर कातडीवर दिसतं, तेच हे द्रव्य. बाहेरून लावलं तर त्वचा स्वतःची सेरामाइडं जास्त तयार करते. सेरामाइड म्हणजे पेशींच्या मधला चुना समजा. तो झिजला की आतलं पाणी उडतं आणि बाहेरचं आत शिरतं. सेन्सिटिव्ह स्किनचं बरंचसं रडगाणं हेच.

किती घालायचं? बाजारात १० टक्क्यांच्या बाटल्या मिळतात, त्यांच्याकडे पाहू नका. आपण २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅममध्ये २ ग्रॅम. तेवढं पाणी कमी करायचं, ७५ चं ७३. चमच्याने मोजायचं नाही. ही पावडर हलकी असते, चमचा दाबून भरला की भुरभुरून भरला यावर वजन बदलतं. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या. तुमच्या बाकीच्या सगळ्या सामानापेक्षा तो महत्त्वाचा.

कधी घालायचं? पाणी आणि तेल दोन्ही ७० ते ७५ अंशांपर्यंत तापवून आपण एकत्र फेटतो. त्यातलं थोडं पाणी आधीच बाजूला काढून ठेवा. क्रीम ४० अंशांच्या खाली आलं की या पाण्यात नायसिनमाइड विरघळवून मिसळा. खरं तर नायसिनमाइड उष्णतेला फारसं भीत नाही, पण ही सवय लागली की पुढे नाजूक घटकांना उपयोगी पडते. प्रिझर्व्हेटिव्हही याच वेळी.

आता पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप. आकडा जितका लहान, तितकं आंबट. चेहऱ्याची त्वचा जराशी आंबट, साधारण ५ च्या आसपास. नायसिनमाइड ५ ते ७ मध्ये सुखात असतं. फार आंबट क्रीममध्ये त्याचं हळूहळू निकोटिनिक आम्ल होतं, आणि त्याने चेहरा तापल्यासारखा लाल होतो. म्हणजे लाली घालवायला घेतलेली वस्तूच लाली आणते! आणि इथे दुसरा गुंता आहे. सोडियम बेन्झोएट घालणाऱ्यांनी ऐका : ते साधारण ५ च्या खालीच नीट काम करतं. क्रीम ६ वर ठेवलंत तर प्रिझर्व्हेटिव्ह असून नसल्यासारखं. अशा वेळी फिनॉक्सिइथेनॉल बरं, ते पीएचच्या बाबतीत खोडकर नाही. युरोपात त्याची मर्यादा १ टक्का आहे, तीच आपण पाळू. तपासायला पीएचच्या पट्ट्या पुरतात. एक भाग क्रीम नऊ भाग डिस्टिल्ड वॉटरमध्ये घोळून पट्टी बुडवायची.

त्वचेला शांत करणारे आणखी दोन ॲक्टिव्ह, पँथेनॉल आणि ॲलँटॉइन, पटकन सांगते. पँथेनॉल मधासारखं घट्ट असतं, १ ते २ टक्के पुरे, जास्त झालं तर चेहरा चिकट. ॲलँटॉइन ०.२ ते ०.३ टक्के, गरम पाण्यातच विरघळवायचं. जास्त घातलं तर थंड झाल्यावर त्याचे खडे होतात आणि क्रीममध्ये पिठीसाखर पडल्यासारखं लागतं. दोन्ही गरीब स्वभावाची.

आणि काय नको? लिंबू नको. त्याचा पीएच २ च्या घरातला, आणि लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की डाग उठतात. शुद्ध व्हिटॅमिन सी नाजूक त्वचेला नको. ते मुरायला क्रीम साडेतीनच्या खाली न्यावं लागतं, तिथे झोंबणारच, शिवाय काही दिवसांत ते तपकिरी होतं. सुगंधी तेलं तर नकोच, जुनी झालेली लॅव्हेंडरची बाटली ॲलर्जीचं ठरलेलं कारण. आणि मेडिकलमधून आणलेली "गोरं करणारी" ट्यूब क्रीममध्ये पिळणाऱ्या दोन जणी मला आजवर भेटल्यात. त्यात बहुधा स्टिरॉइड असतं. चार दिवस चेहरा उजळतो, पुढे कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि ट्यूब बंद करताच आग पेटते. हे झालं असेल तर घरगुती क्रीम बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

माझी फजिती सांगून टाकते. पहिल्यांदा मी ताज्या कोरफडीचा गर घालून क्रीम केलं. व्हिटॅमिन ई घातलं होतं, म्हणून वाटलं टिकेल. दहाव्या दिवशी झाकणाच्या आत काळी बुरशी. व्हिटॅमिन ई तेल खवट होऊ देत नाही, जंतूंना त्याचं काही वाटत नाही. कडुनिंब आणि हळदीचंही तेच. बुरशी निदान दिसते तरी. जिवाणू वाढलेलं क्रीम दिसायला, वासाला आठवडाभर अगदी छान असतं.

कुणीतरी चिठ्ठी पाठवलीय : "आमच्या आजी शतधौत घृत करायच्या. त्यात नायसिनमाइड चालेल का?" छान प्रश्न. तूप पाण्याने शंभर वेळा धुतलं की पांढरं, मऊ होतं, कारण पाण्याचे बारीक थेंब त्यात अडकतात. लोण्याच्याच जातीचं झालं हे. पाणी आहे आणि प्रिझर्व्हेटिव्ह नाही, म्हणून आजी थोडंसंच करून लवकर संपवत असणार. नायसिनमाइड मात्र पाण्यात विरघळणारं. तुपात ते पावडर म्हणूनच राहील आणि गालावर खरखरेल. घृत आहे तसंच वापरा, टाचांना तर उत्तम.