तोकाय : धुक्याच्या दिवसांतील सहल

(दृश्य : पहाटेची बोद्रोग नदी)

हंगेरीच्या ईशान्येला, बोद्रोग आणि तिसा या नद्यांच्या संगमावर, तोकाय नावाचे जेमतेम चार हजार वस्तीचे गाव आहे. शरद ऋतूत येथे पहाटे असे दाट धुके पसरते की उन्हे वर येईपर्यंत पैलतीरावरची झाडेही दिसत नाहीत. दुपारी आभाळ मोकळे होते, वारा सुटतो, उतारावरचे द्राक्षमळे कोरडे होतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच धुके नदीवर उतरते. ज्या गोड वाइनमुळे या गावाचे नाव जगभर झाले, ती वाइन ओल्या सकाळी आणि कोरड्या दुपारी यांच्या या पाठशिवणीतूनच तयार होते. म्हणून येथे यायचे तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा किंवा नोव्हेंबरचे पहिले दिवस निवडावेत, मग थंडीसाठी एखादा जाड कोट जास्त घ्यावा लागला तरी हरकत नाही.

(दृश्य : वेलीवरचा घोस, अगदी जवळून)

या घोसात वरचे मणी अजून पिवळसर आणि टपोरे आहेत, मधले तपकिरी-जांभळे पडले आहेत आणि खालच्या मण्यांवर करडी बुरशी धरून ते सुरकुतले आहेत. बोट्रायटिस नावाची ही बुरशी दिसताच नाशिकचा किंवा तासगावचा बागाईतदार फवारणीच्या तयारीला लागेल. तोकायचा मळेवाला मात्र तिची वाट पाहत असतो. बुरशी सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते, त्या छिद्रांवाटे मण्यातील पाणी उडून जाते आणि साखर, आम्ल व सुगंध आतल्या आत घट्ट होत जातात. फुरमिंट ही येथील मुख्य जात उशिरा पिकणारी आहे आणि तिच्या अंगी भरपूर आम्ल आहे, त्यामुळे इतकी साखर साठूनही वाइन मिट्ट गोड लागत नाही. हार्शलेवेल्यू नावाची सुवासिक जात तिच्या जोडीला असते. धुके राहिले आणि ऊन पडलेच नाही, तर हीच बुरशी सगळा घोस नासवून टाकते, त्यामुळे प्रत्येक वर्ष या वाइनला साथ देईलच असे नाही.

तोडणी करणाऱ्या या बायका संपूर्ण घोस कापत नाहीत. त्या घोसातून फक्त सुरकुतलेले मणी एकेक करून निवडतात आणि बाकीचा घोस तसाच वेलीवर सोडून पुढे जातात. काही दिवसांनी त्याच ओळीतून पुन्हा फेरी होते. कसलेली बाई दिवसभर उभी राहून आठ-दहा किलो मणी गोळा करते. पूर्वी हे मणी पाठीवर बांधायच्या लाकडी पाटीत भरत. तिला पुत्तोन्य म्हणतात आणि तिच्यात सुमारे पंचवीस किलो माल मावतो. १३६ लिटरच्या एका पिंपातील रसात किंवा वाइनमध्ये अशा किती पाट्या ओतल्या, यावरून ऑसू या येथील प्रसिद्ध गोड वाइनची प्रत ठरत असे, आणि बाटलीवरचा पाच किंवा सहा पुत्तोन्योश हा आकडा त्या हिशेबाचाच वारसा आहे. आज पाट्या मोजत नाहीत. २०१३ पासूनच्या नियमांप्रमाणे ऑसूमध्ये लिटरमागे किमान १२० ग्रॅम साखर असावी लागते आणि किमान १८ महिने ती ओकच्या पिंपात मुरावी लागते.

(दृश्य : टाकीच्या तळाशी पडणारे थेंब)

मणी दाबण्यापूर्वी त्यांच्या स्वतःच्याच वजनाने टाकीच्या तळाशी जो दाट रस पाझरतो, त्याला एसेन्सिया म्हणतात. त्यात लिटरमागे ४५० ग्रॅमहून अधिक साखर असते आणि एवढ्या साखरेत यीस्टलाही काम करणे जड जाते, त्यामुळे आंबण्याची क्रिया वर्षानुवर्षे रेंगाळते आणि अल्कोहोल बहुधा पाच टक्क्यांच्याही खाली राहते. एसेन्सिया पेल्यात ओतत नाहीत, ती चमच्याने देतात. उरलेले मणी नव्या रसात किंवा वाइनमध्ये एक-दोन दिवस भिजवून मग दाबतात आणि तो रस तळघरात उतरतो.

(दृश्य : तळघराच्या पायऱ्या, भिंतीवरची काळी बुरशी)

तोकायची तळघरे ज्वालामुखीच्या राखेतून घडलेल्या मऊ खडकात हाताने कोरलेली आहेत, आणि त्यांतील कित्येक तीन-चारशे वर्षांपूर्वीची आहेत. आतले तापमान उन्हाळ्यात व हिवाळ्यात दहा-बारा अंशांच्या आसपास राहते. भिंतींवर, छतावर आणि जुन्या बाटल्यांवर जो काळा, मखमली थर दिसतो, तीही बुरशीच आहे, पण वेगळ्या जातीची. पिंपांतून उडणाऱ्या अल्कोहोलच्या वाफेवर ती जगते आणि तळघरातील ओलावा सांभाळते. पाहुणे तिच्यात नाणी दाबून चिकटवतात. आमच्या मते तो हात आवरावा, कारण हा थर जमायला काही दशके लागलेली असतात.

येथे तळघराचा मालक लोपो नावाची काचेची फुगीर नळी पिंपाच्या तोंडातून आत सोडतो, वरचे टोक अंगठ्याने बंद करून ती बाहेर काढतो आणि अंगठा किंचित सैल करीत एकेका पेल्यात मोजकी धार सोडतो. चाखण्याचा क्रम ठरलेला असतो : आधी कोरडी फुरमिंट, मग निवड न करता संपूर्ण घोसांपासून केलेली सामोरोद्नी आणि शेवटी ऑसू. हा क्रम उलटा केल्यास पुढची प्रत्येक वाइन आंबट लागते. सगळे पेले रिकामे करण्याची सक्ती नसते. ओतून देण्यासाठी भांडे समोरच ठेवलेले असते आणि ते वापरण्यात कोणताही अपमान नाही. एका दिवसात दोन तळघरे पुरेत. तिसऱ्या तळघरात जीभ काही सांगत नाही, फक्त पाय सांगतात.

(दृश्य : राकोत्सी तळघराचे मोठे दालन)

गावातील राकोत्सी तळघराचे हे दालन पाहण्यासाठी मात्र वेळ राखून ठेवावा. तुर्कांविरुद्धच्या मोहाचच्या लढाईत हंगेरीचा राजा मारला गेल्यानंतर, १५२६ मध्ये, यानोश सापोयाई याला गादीवर बसवण्यासाठी सरदार येथे जमले होते, असे सांगितले जाते. पुढे ही वाइन राजदरबारांत पोचली आणि रशियाच्या दरबाराने तर अठराव्या शतकात खरेदीसाठी आपली माणसे येथेच ठेवली होती. भेसळ आणि नावाची चोरी वाढल्यावर १७३७ मध्ये राजाज्ञेने या प्रदेशाची हद्द आखून देण्यात आली. वाइनसाठी अशी कायद्याची सीमा आखण्याचे हे जगातील अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक आहे. हंगेरीच्या राष्ट्रगीतातही तोकायच्या वेलींवरून मधुरस ठिबकवल्याबद्दल देवाचे आभार मानले आहेत. २००२ मध्ये युनेस्कोने या संपूर्ण प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

(दृश्य : ग्रीक व्यापाऱ्याचे घर, माद येथील सिनेगॉग)

केवळ वाइनसाठी आलेला माणूस येथून पुढे जात नाही आणि निम्मे गाव न पाहताच परततो. अठराव्या शतकात ही वाइन उत्तरेकडे पोलंडपर्यंत नेणारे व्यापारी बहुतांशी ग्रीक होते. त्यांच्यापैकी एकाच्या घरात आज गावाचे संग्रहालय आहे. त्यांच्यानंतर हा व्यापार मोठ्या प्रमाणावर ज्यू कुटुंबांच्या हाती आला. शेजारच्या माद गावातील हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, १७९५ चे आहे आणि त्याचे छत, खांब व रंगकाम जीर्णोद्धारानंतर पुन्हा उजळले आहे. लगतच्या बोद्रोगकेरेस्तूर गावात १९२५ मध्ये निवर्तलेल्या एका रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) कबरीवर आजही देशोदेशींचे ज्यू भाविक येतात. १९४४ मध्ये येथील ज्यू रहिवाशांना आउश्वित्झच्या नाझी मृत्युछावणीत नेण्यात आले. युद्धानंतर मळे सरकारजमा झाले आणि दर्जापेक्षा उत्पादनाला महत्त्व आले. १९९० नंतर जुनी कुटुंबे आणि परदेशी गुंतवणूकदार यांनी उतार पुन्हा लावायला घेतले.

(दृश्य : तोकाय स्थानक, गावाकडे जाणारा रस्ता)

बुडापेस्टहून सकाळी बसने निघून, दोन तळघरे उरकून रात्री परत नेणाऱ्या सहली सर्रास विकल्या जातात. त्या सहलींत धुके दिसत नाही, कारण बस पोचते तेव्हा ते विरलेले असते. त्यापेक्षा केलेती स्थानकावरून रेल्वेने अडीच-तीन तासांत तोकायला यावे आणि गावातच किमान दोन रात्री मुक्काम करावा. पहिल्या दिवशी गाव, संग्रहालय आणि राकोत्सी तळघर पाहावे; दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यांतून चालत टेकडीवर जावे आणि दुपार एखाद्या घरगुती तळघरासाठी ठेवावी. मादचा रेल्वेमार्ग वेगळा असल्यामुळे वाटेत गाडी बदलावी लागते, म्हणून त्या गावासाठी तिसरा दिवस असल्यास उत्तम. मोटार भाड्याने घ्यायची असेल, तर चालवणाऱ्याने पेल्याला हातही लावू नये, कारण हंगेरीत चालकाच्या रक्तात अल्कोहोलची मर्यादा शून्य आहे.

लहान तळघरांवर नावाची पाटी असते, पण दार उघडे असेलच असे नाही. निघण्यापूर्वी एक-दोन आठवडे आधी ईमेल पाठवून दिवस, वेळ आणि माणसांची संख्या कळवावी आणि चाखण्याचे शुल्क विचारून घ्यावे. तोडणीच्या दिवसांत घरातील सगळी माणसे मळ्यात असतात, तेव्हा ते संध्याकाळची वेळ देतील आणि ती स्वीकारणे शहाणपणाचे ठरेल. सोमवारी संग्रहालये बहुधा बंद असतात. चलन फोरिंट आहे आणि भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो, त्याची तयारी काही महिने आधी सुरू करावी. जेवणाचे चित्रण आमच्याकडे फारसे नाही, पण शाकाहारी मंडळींना ढोबळी मिरची व टोमॅटोचे लेचो आणि तळलेला लांगोश यांवर निभावता येते. लेचोमध्ये सॉसेज घालण्याची पद्धत असल्याने आधी विचारावे.

(दृश्य : तळघराच्या दाराशी बाटल्या कागदात गुंडाळताना)

ऑसूची बाटली साधारणपणे अर्ध्या लिटरची असते. भारतात प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे चार बाटल्या. त्या कपड्यांत गुंडाळून विमानात जमा करायच्या सामानात ठेवाव्यात, हातातील पिशवीत ठेवल्यास सुरक्षा तपासणीत काढून घेतल्या जातात. घरी आणल्यावर त्या उघडण्याची घाई नको, कारण चांगली ऑसू बाटलीत काही दशके टिकते.