पासष्टी, विडी आणि पोटातला फुगा

श्रोतेहो, नमस्कार. आज पुरुषमंडळींशी बोलायचंय. त्यातही पासष्टी गाठलेल्या आणि आयुष्यात कधी ना कधी विडी-सिगारेट ओढलेल्या. 'मी सोडून वीस वर्षं झाली' म्हणून रेडिओचा आवाज बारीक करू नका. तुम्हीही यात आहात.

पोटात, पाठीच्या कण्याला लागून, एक मोठी रक्तवाहिनी खाली जाते. तिला महाधमनी म्हणतात. तिची रुंदी साधारण 2 सेंटिमीटर. वय झालं की काहींच्या बाबतीत तिची भिंत एका जागी सैल पडते आणि फुगवटा येतो. तो 3 सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा झाला, की आम्ही डॉक्टर त्याला ॲन्युरिझम म्हणतो. तो बहुधा दुखत नाही की खुपत नाही. फुटला तर मात्र पोटात नाहीतर पाठीत एकदम भयंकर कळ येते, माणूस कोसळतो, आणि बरेच जण दवाखान्यापर्यंतही पोचत नाहीत.

आता मामांची गोष्ट. मी ही सांगायला लागलो की आमची बायको चहा ठेवायला उठून जाते. तुम्ही बसा.

थोरले मामा कऱ्हाडकडच्या एका हायस्कुलात विज्ञानाचे मास्तर होते. चाळीस वर्षं फळ्यावर खडू आणि मधल्या सुट्टीत विडी. निवृत्त झाले तेव्हा शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, वर एक भिंतीवरचं घड्याळ. (ज्याच्याकडे आता वेळच वेळ आहे त्याला घड्याळ का देतात, हे मला कधी कळलेलं नाही. त्याऐवजी पाकिटात सोनोग्राफीची चिठ्ठी घालून द्या की!) मी मामांना म्हटलं, "पासष्ट झाली, एकदा पोटाची सोनोग्राफी करू." तर म्हणाले, "ते बायकांचं मशीन. मला काय दिवस गेलेत?"

सहा महिने गेले. शेवटी मामींनी जेवण वाढायचं थांबवलं, तेव्हा आले. केंद्रात 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' असा भलामोठा बोर्ड, आणि खाली बाकावर पाच-सहा पोटुशा मुली. त्यांच्यात मामा, पेपर तोंडासमोर धरून. शेजारच्या आजींनी मायेनं विचारलं, "सुनेला घेऊन आलात का?" मामा पेपरामागूनच म्हणाले, "नाही. मीच आहे." बाकावर जो हशा पिकला, त्यात मामाही हसले. आत गेले आणि दहा मिनिटांत बाहेर आले. सुई नाही, क्ष-किरण नाहीत, पोटावर थंडगार जेल तेवढं.

फुगवटा निघाला. 4.1 सेंटिमीटर.

मामा घाबरले नाहीत. घरी आल्यावर कंपासपेटी काढली. (आताच्या पोरांच्या कंपासपेटीत स्टिकर असतात, कंपास नसतो. असो.) भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला 2 सेंटिमीटरचं वर्तुळ काढलं, त्याच्याभोवती 4.1 चं. बघत राहिले. मग म्हणाले, "सायकलच्या जुन्या टायरातून ट्यूब बाहेर फुगते, तसंच की. आतला दाब तोच, पण रुंदी वाढली की भिंतीवरचा ताण वाढतो. म्हणजे फुगत गेलेलं आणखी फुगणार." मला कॉलेजात हे समजायला एक वर्ष लागलं होतं.

मामांच्या खोलीत आइन्स्टाईनचा फोटो आहे. मी म्हटलं, "मामा, हे तुमचे देव याच दुखण्यानं गेले." त्यांना ठाऊक नव्हतं. 1948 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी आइन्स्टाईनचं पोट उघडून तो फुगवटा चक्क सेलोफेनच्या कागदात गुंडाळला. कागद टोचून भोवतीचा भाग घट्ट व्हावा, हा हिशेब. त्यावर आइन्स्टाईन सहा वर्षांहून जास्त जगले. 1955 च्या एप्रिलमध्ये तो फुटायला लागला, तेव्हा त्यांनी ऑपरेशनला नकार दिला. वय 76. आणि हो, तेही पाइप ओढायचे. मामांनी फोटोकडे पाहिलं आणि खिशातला विडीचा कट्टा मामींच्या हातात दिला. मी इतकी वर्षं घसा कोरडा केला होता, त्याचं श्रेय आइन्स्टाईनला!

वेळ कमी राहिला, तेव्हा मोजकं सांगतो. पुन्हा ऐका: वय पासष्टच्या पुढे, पुरुष, आणि कधीही ओढलेली विडी-सिगारेट. अशांनी पोटाची एक सोनोग्राफी करून घ्यायची. इंग्लंडमध्ये पासष्टाव्या वर्षी पुरुषाला त्यासाठी सरकारी पत्र येतं. आपल्याकडे पत्र यायचं नाही, आपणच जायचं. मुतखड्यासाठी सोनोग्राफी होणारच असेल तर सांगा, 'महाधमनीही मोजा.' एकदा, नीट, मोजली की बहुतेकांचं काम तिथंच संपतं. फुगवटा निघाला तरी लगेच ऑपरेशन नाही. पुरुषांत साधारण 5.5 सेंटिमीटरपर्यंत ठरावीक काळानं मोजत राहायचं, रक्तदाब ताब्यात ठेवायचा. पुढे गेला तर पोट उघडून कापडी नळी बसवतात, किंवा जांघेतून स्टेंट सरकवतात. वेळेत केलेलं ऑपरेशन आणि फुटल्यावर केलेलं ऑपरेशन, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अनशापोटी लसूण खाऊन फुगवटा बसत नाही, मोबाइलवर कोणी काहीही पाठवो.

मामांचा फुगवटा यंदा 4.2. कॅलेंडर बदललं, पण तो कागद त्यांनी जपून ठेवलाय. तिसरं वर्तुळ काढलंय, आणि त्याला लागून मामींचा दुधाचा हिशेब आहे.

एक राहिलं. हे दुखणं घराण्यात चालतं. वडिलांना किंवा भावाला असेल, तर इतरांनी पासष्टीची वाट बघायची नाही. आमचे धाकटे मामा आहेत, त्रेसष्ट वर्षांचे, दिवसाला कट्टाभर विड्या. मी फोन केला की उचलत नाहीत. रेडिओ मात्र रोज लावतात. तेव्हा धाकटे मामा, उद्या सकाळी नऊ वाजता दवाखान्यात या. उपाशीपोटी. चहासुद्धा नको. नमस्कार.