सोयरीक, सात-बारा आणि कादंबरी

(लघुमाहितीपटाचं निवेदन. आवाज लेखिकेचा.)

[दृश्य: अंबाजोगाई. योगेश्वरीच्या मंदिराकडं जाणारी गल्ली, सकाळची वर्दळ. जुन्या वाड्यांचे दरवाजे.]

मराठवाड्यात सोयरीक जमवायची असली की पाव्हणे घराआधी गाव बघतात. मुलीकडचे दोघं-तिघं एसटीतून उतरतात, स्टँडवरच्या हॉटेलात चहा घेतात आणि सहज विचारतात, "अमक्याचं घर कसंय?" मग न्हाव्याकडं जातात, किराणा दुकानात बसतात, भावकीतल्या ज्याचं त्या घराशी पटत नाही त्यालाही भेटतात. जमीन किती आणि त्यातली वाट्याला किती. थोरल्याचं लग्न मोडलं ते कशामुळं. आजोबाला आधी एक बायको होती म्हणतात, ती कुठं गेली. संध्याकाळच्या गाडीनं पाव्हणे परत निघतात तेव्हा त्यांना जे कळलेलं असतं, ते त्या घरातल्या लेकरांनाही कुणी कधी सांगितलेलं नसतं.

मी कौटुंबिक रहस्याच्या कादंबऱ्या लिहिते आणि त्यांत प्रेमकथा असतेच. ही दोन्ही एकत्र कशाला, असं मला विचारतात. माझं उत्तर या चौकशीत आहे. आपल्याकडं घरातलं झाकलेलं उघडं पडतं ते लग्नाची गोष्ट निघाली की. तिथं पोलिसाचं काम नसतं, कारण बहुतेकदा गुन्हा घडलेलाच नसतो. घरातली माणसं विचारत नाहीत. न विचारता जगायचं ती लहानपणीच शिकलेली असतात. विचारते ती बाहेरून आलेली सून. विचारतो तो घरानं नाकारलेला जावई. आपल्याला का नाकारलं, हे कळल्याशिवाय त्याला पुढं जाता येत नाही. म्हणून माझ्या कादंबरीत शोध घेणारं माणूस प्रेमात पडलेलं असतं.

[दृश्य: लेखिकेची खोली. भिंतीवर खडूनं काढलेली वंशावळ. काही नावांपुढं प्रश्नचिन्हं.]

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत आले. मराठी कादंबरीवर घर चालत नाही. आवृत्ती निघते फार तर हजार प्रतींची, आणि ती संपायला काही वर्षं जातात. माझे वाचक तालुक्याच्या वाचनालयांतून भेटतात. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर कुणीतरी पेन्सिलनं लिहून ठेवतं, "थोरल्या काकूवर अन्याय केला." या शेऱ्यांवर मी जगते.

[दृश्य: तहसील कार्यालयाचा आवार. अर्ज लिहून देणाऱ्यांची टेबलं. लाल फडक्यात बांधलेली दप्तरं.]

रहस्य कुठं शोधायचं हे मला सात-बारानं शिकवलं. कुणी मेलं की वारसांची नावं लागतात. तलाठ्याकडं त्यासाठी गाव नमुना सहा-क ही वारसांची नोंदवही असते, आणि फेरफार सहा नंबरच्या वहीत चढतो. त्या नोंदीत कोण आहे हे सगळे वाचतात. मी कोण नाही ते बघते. चार मुलगे आणि एकही मुलगी नाही, असं घर क्वचित असतं. नोंदीत मात्र अशी घरं जागोजाग सापडतात. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. २००५ साली केंद्राच्या कायद्यानं तो भेद काढला. कायदा आला तशी हक्कसोडपत्रं वाढली. रक्षाबंधनाला आलेल्या बहिणीला भाऊ म्हणतो, "अक्का, एक सही लागते बघ." ती करते. माहेरचा उंबरा राहावा म्हणून करते. माझ्या एका कादंबरीचा सगळा डोलारा अशा एका सहीवर उभा आहे. आठ बहिणींपैकी सातजणी सही करतात. आठवी करत नाही आणि का करत नाही हे कुणाला सांगतही नाही.

पुढं जमिनीला पैसा आला. समृद्धी महामार्ग जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून गेला, मोबदल्याच्या नोटिसा निघाल्या आणि विसरलेले वारस आठवायला लागले. ज्या चुलतीचं नाव घरात घेत नव्हते, तिचा पत्ता शोधत माणसं पुण्याला गेली.

[दृश्य: पितळी कडीची पेटी. आतून काढलेले कागद. उर्दूतला शिक्का, मोडीतली ओळ.]

मराठवाड्याच्या पेट्यांमध्ये आणखी एक गोष्ट आहे, जी पुण्या-साताऱ्याच्या वाड्यांत अशी सापडणार नाही. आजोबांचा कागद नातवाला वाचता येत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही हैदराबाद संस्थानात होतो आणि सरकारी कारभार उर्दूत चालायचा. शाळा उर्दू, कोर्ट उर्दू. मराठी घरातले कर्ते पुरुष घरात मराठी बोलायचे, हिशेब मोडीत ठेवायचे आणि अर्ज उर्दूत करायचे. पुढच्या पिढीकडून उर्दू सुटली, मोडीही सुटली. कागद पेटीत राहिले. त्यांची पूजा झाली, वाचन झालं नाही.

त्यात सन फसली, म्हणजे संस्थानाची महसुली कालगणना. संस्थानाचं वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू व्हायचं आणि महिन्यांची नावं आजूर, दै, बहमन अशी. फसली सनात ५९० मिळवले की ढोबळमानानं इसवी सन येतो. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. आता या हिशेबात कुणी एका वर्षाची गल्लत केली, तर माणूस पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे सप्टेंबर १९४८ मधल्या भारताच्या लष्करी कारवाईच्या, आधी मेला की नंतर, हेच बदलतं. आणि मराठवाड्यातल्या एखाद्या घरासाठी या दोन्हींत केवढं अंतर आहे!

२०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मी हे उघड्या डोळ्यांनी पाहिलं. गावोगाव पेट्या उघडल्या. पणजोबांचं नाव शोधायला माणसं अभिलेख कक्षांच्या दारात उभी राहिली. मोडी वाचणारे, उर्दू वाचणारे शोधायची धावपळ झाली. लोक जातीची नोंद शोधत होते आणि कागद बाकीचंही बोलत होते. दत्तकपत्र निघालं. गहाणखत निघालं. वंशावळीत कधीच नसलेली एक बाई, जिच्या नावावर दोन एकर होते, तीही निघाली. मला वाटतं, मराठवाड्यात पुढची वीस वर्षं कादंबऱ्यांना विषय पुरेल इतकं त्या एका हिवाळ्यात बाहेर आलं.

[दृश्य: पडका वाडा. माळवद खचलेलं. भिंतीतलं रिकामं बळद. आडावर वाढलेला पिंपळ.]

वाडा मला पार्श्वभूमी म्हणून नको असतो. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, त्यांत धान्याचं बळद, ढेलजेतून आत येताना वळण असं, की रस्त्यावरून माजघर दिसू नये. ज्यानं हे बांधलं त्याला काय दिसू द्यायचं नव्हतं, तिथून माझा नकाशा सुरू होतो. अशाच जड भिंतींनी आणि मातीच्या माळवदांनी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारीच्या भागात माणसं गाडली. गणपती बुडवून लोक झोपले होते. सुमारे दहा हजार माणसं गेली. नंतर गावं नव्या जागी वसली, सरळ रस्त्यांची, एकसारख्या घरांची. ज्यांचं सगळं घर गेलं, त्या घराबद्दल सांगायला कुणी उरलं नाही; लांब दिलेली एखादी लेक उरली तर तीच सांगणार. त्या भूकंपावर रहस्य रचायचं मी आजवर टाळलं आहे. तिथल्या दुःखाला कथानकाचा धक्का म्हणून वापरणं मला मान्य नाही.

१९४८ बद्दल मात्र लिहावं लागलं. कारण तिथं मौन दोन्हीकडं आहे. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांच्या भीतीनं गावं सोडून सरहद्दीपार कॅम्पात गेलेल्या घरांच्या आठवणी आमच्याकडं अजून निघतात. सप्टेंबरनंतर मुसलमान वस्त्यांवर जे ओढवलं, त्याबद्दल कमी बोलतात. त्याची पाहणी करायला केंद्रानं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं आपल्या अहवालात सर्वात जास्त झळ पोचलेले जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. त्या दिवसांत बायका पळवल्या गेल्या, घरं बदलली गेली, काहींनी जीव वाचवायला नावं बदलली. नंतर त्या त्याच नावानं जगल्या, त्यांना लेकरं झाली, नातवंडं झाली. या नातवंडांतलं कुणी आज कुणाच्या तरी प्रेमात आहे.

[दृश्य: ओसरीवर निवडायला घेतलेली ज्वारी. एक म्हातारी, चेहरा दिसत नाही, फक्त हात.]

लोक मला गोष्टी देतात. लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकावर, एसटीत. देताना म्हणतात, "बाई, हे लिहा, पण आमचं नाव नको." नाव नको म्हटल्यानं भागत नाही, हे मला माहीत असतं. भावकीला खुणेवरून ओळखू येतं. म्हणून गाव बदलते, पीक बदलते, काळ बदलते, बाईचा पुरुष करते. एवढं करूनही ज्याचं दुःख आहे त्याला ते आपलं म्हणून वाचता आलं, तर मी काम केलं असं मानते.

एकदा एका आजीनं मला पूर्ण गोष्ट सांगितली. कादंबरी आयती होती. निघताना तिनं हात धरला आणि म्हणाली, "माय, मी हाय तवर नगं. माझी सून लई चांगली हाय, तिला वाईट वाटंल." ज्या घरानं हिच्यावर अन्याय केला, त्याच घरातल्या सुनेच्या मनाची हिला काळजी. मी लिहिलं नाही. आजी आज नाही, सून आहे. अजून लिहिलेलं नाही. माझ्या नायिकांनाही शेवटी असाच निवाडा करावा लागतो. गुपित कळणं आणि ते चारचौघांत सांगणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शोध लावणाऱ्याला सांगायचा अधिकार आपोआप मिळत नाही.

[दृश्य: रात्र. लेखिका लिहिताना. वहीतल्या खाडाखोडीचा जवळून भाग.]

आता थोडं प्रेमाबद्दल. आमच्या तालुक्याच्या गावात प्रेमिकांना बसायला जागा नाही. बागेत ओळखीचे, हॉटेलात ओळखीचे. मग ती भेटतात कुठं? स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत, झेरॉक्सच्या दुकानात, लातूर-अंबाजोगाईच्या गाडीत एका सीटवर, पण अनोळखी असल्यासारखी. मोकळं बोलायला सोय नसली की माणसं दुसऱ्या कामाच्या आडोशानं बोलतात. कादंबरीला हे फार उपयोगाचं. माझ्या प्रेमप्रसंगांत हातात हात क्वचित येतो. बहुतेक वेळा मध्ये एखादा कागद असतो.

सध्या लिहिते आहे त्या कादंबरीतही तसंच आहे. नायिका गंगेकाठच्या, म्हणजे गोदाकाठच्या, देशमुखांच्या घरातली. त्यांचं मूळ गाव नाथसागरात, जायकवाडी धरणाच्या पाण्यात, गेलं. १९६५ साली पैठणला जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हातून झाली आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत पाणी वर चढलं. त्यात वाडा बुडाला, पेटी तेवढी निघाली. घरात सांगतात, धाकटी आजी पोलीस ॲक्शनच्या आधीच तापानं गेली. वारसाच्या कागदावर 'मयत' लिहिलंय, फसली सन १३५७. आणि पेटीत, १९५४ च्या खासरा पाहणीच्या, म्हणजे जमिनींच्या नोंदी घेण्याच्या, काळातल्या एका अर्जाखाली, त्याच बाईचा अंगठा आहे.

अर्ज उर्दूत, तोही घाईच्या मोडक्या शिकस्त वळणाचा. तो वाचणारा मुलगा मुसलमान घरातला. त्याचे आजोबा संस्थानच्या कचेरीत पेशकार होते, त्यांनीच त्याला हे वळण शिकवलं. तो एकेक ओळ वाचतो, ती मराठीत उतरवते. दोघांच्या प्रेमाला सुरुवात झाली ती या वाचनात. एका ठिकाणी तो थांबतो, पुढची ओळ वाचत नाही. तिला वाटतं, अक्षर लागत नसावं. वाचकाला कळलेलं असतं की अक्षर लागलंय. या एका थांबण्यासाठी मी ते प्रकरण पुन्हा पुन्हा लिहिलं. खरं सांगायचं तर तिच्या घरची गोष्ट त्याच्या घरापर्यंत पोचते, हे त्याला तिच्याआधी कळतं, आणि प्रेम असूनही, की प्रेम आहे म्हणूनच, तो गप्प राहतो.

[दृश्य: विवाह नोंदणी कार्यालयाची पायरी. सूचना फलक. फलकावरचे कागद, नावं अस्पष्ट केलेली.]

दोघांना लग्न करायचंय आणि धर्म कुणालाच बदलायचा नाही. त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावली जाते आणि ३० दिवस हरकतीसाठी थांबावं लागतं. ज्या समाजात घरचे सहा महिने शेजाऱ्याला कळू देत नाहीत, तिथं दोन नावं, दोन पत्ते, फलकावर, महिनाभर. या तरतुदीनं किती जोडप्यांचा जीव टांगणीला लावलाय, हे मी जवळून पाहिलंय. मुलीला घरी बोलावून घेतात, आई आजारी आहे म्हणून सांगतात. ही वाट मोकळी व्हावी असं मला मनापासून वाटतं. कादंबरीची घटिका मात्र हेच ३० दिवस आहेत. या मुदतीत नायिकेला धाकट्या आजीचं काय झालं ते शोधायचंय, कारण हरकत घ्यायला निघालेल्या चुलत्याकडं तेवढंच एक कारण आहे आणि ते कारण खोटं असावं असा तिला संशय आहे.

खरं माहीत असलेली एकच व्यक्ती जिवंत आहे, तिच्या वडिलांची आत्या. वय नव्वदीच्या पुढं. तिला विचारलं की म्हणते, "झालं गेलं गंगंला मिळालं, लेकरा." नोटीस लागून आता एकवीस दिवस झालेत. अर्जातली ती न वाचलेली ओळ अजून त्या मुलाकडंच आहे. उद्याच्या प्रकरणात मी त्याला आत्याबाईच्या समोर बसवणार आहे, आणि पहिला प्रश्न तो विचारणार नाही, आत्याबाई विचारणार आहे: "तू कुणाचा नातू रं?"