खिडकीपर्यंतची चार पावले

श्रोतेहो, नमस्कार.

आजार आता बरा होणार नाही, असे कळल्यावर घरची माणसे रुग्णाला अंथरुणावरून हलू देत नाहीत, आणि त्यामागे मायाच असते. परंतु पडून राहिलेल्या शरीराचे स्नायू काही दिवसांतच क्षीण होऊ लागतात, सांधे आखडतात, कंबरेवर व टाचांवर जखमा होतात आणि मूळ दुखण्यात या नव्या दुखण्यांची भर पडते. पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजेच बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या उपशामक सेवेत, फिजिओथेरपी हवी ती यासाठी.

१९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या अखेरीस असलेल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था, सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी समग्र वेदनेची कल्पना मांडली; शरीराची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची वेदना त्यांनी एकत्र पाहिली. स्वतःच्या पायांनी शौचालयापर्यंत जाता न येणे हे दुःख यांपैकी नेमके कोणते, हे मला तरी वेगळे काढता येत नाही. म्हणूनच येथे उपचाराचे उद्दिष्ट रुग्णाला विचारून ठरवावे. त्याला खिडकीपाशी बसायचे असेल, तर तेथवरची चार पावले हेच उद्दिष्ट.

सर्वांत भयभीत करते ती धाप. अशा वेळी रुग्णाला आडवे न करता बसवावे, पुढे झुकवून त्याचे हात समोरच्या टेबलावर उशीवर टेकवावेत, आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून श्वास सावकाश सोडायला सांगावे. हातात धरायचा छोटा पंखा चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरला, तर गालांना आणि नाकाला लागणाऱ्या गार वाऱ्यामुळे धाप लागल्याची जाणीव कमी होते. इतके साधे साधन पुष्कळांना कोणी सांगतच नाही, याची खंत वाटते.

हातापायांवरील सूज पट्ट्या बांधून आणि हलक्या हालचालींनी आटोक्यात ठेवता येते. मात्र कर्करोग हाडांत पसरला असेल, तर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय व्यायाम करू नये. पाय अचानक लुळे पडले किंवा लघवीवरील ताबा गेला, तर मणक्यातील मज्जारज्जूवर दाब आल्याची शक्यता असते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

अखेरच्या दिवसांत व्यायाम थांबतो. तेव्हा फिजिओथेरपिस्ट घरच्यांना कूस बदलायला शिकवतात: रुग्णाला ओढायचे नाही, अंगाखालच्या चादरीसह दोघांनी सरकवायचे, म्हणजे त्याची त्वचा सोलवटत नाही आणि सरकवणाऱ्यांची कंबरही धरत नाही.