तासाभराचं बॉक्सिंग आणि कॅलरींचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

बॉक्सिंगचा व्यायाम सुरू केला की कुणी ना कुणी हमखास सांगतं, "मजा आहे तुझी, तासाला आठशे-नऊशे कॅलरी जळतात!" हा आकडा कुणी मनानं रचलेला नाही. पण तो ज्याचा आहे तो माणूस वेगळा, आणि त्या वेळी तो करत असतो ते कामही वेगळं. आज आपण स्वतःचा आकडा काढू. कागद-पेन्सिल जवळ असेल तर बरं.

कुठल्या हालचालीला किती ऊर्जा लागते याची एक मोठी यादी आहे. बार्बरा एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९३ साली पहिल्यांदा प्रसिद्ध केली, आणि नंतर २०००, २०११ आणि २०२४ मध्ये सुधारली. या यादीत मोजमापाला 'मेट' म्हणतात. शांत बसलेल्या शरीराचा खर्च म्हणजे १ मेट, म्हणजेच वजनाच्या दर किलोमागे तासाला साधारण १ कॅलरी. शास्त्रात ही किलोकॅलरी असते, बोलताना आपण तिला कॅलरीच म्हणतो. तेव्हा हिशेब सोपा आहे: मेट गुणिले किलोतलं वजन गुणिले तास.

२०११च्या आवृत्तीत टांगलेल्या बॅगवर ठोसे मारण्याला ५.५ मेट आहेत, स्पॅरिंगला, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीला, ७.८ आणि रिंगमधल्या लढतीला १२.८. आता ७० किलोचा माणूस घ्या. बॅगवर तासाला ३८५ कॅलरी, स्पॅरिंगला ५४६ आणि लढतीला ८९६. तो आठशे-नऊशेचा आकडा इथून येतो.

पण रिंगमध्ये तासभर सलग लढतं कोण? व्यावसायिक पुरुषांची विजेतेपदाची लढत १२ राऊंडची असते. तीन मिनिटांचा एक राऊंड धरला तर ठोसेबाजी एकूण ३६ मिनिटं, आणि मधली मिनिटा-मिनिटाची विश्रांती धरून ४७. म्हणजे जगज्जेत्यालासुद्धा तो तास पुरा करावा लागत नाही, आणि आपण संध्याकाळच्या वर्गाला तो आकडा लावून मोकळे होतो.

वर्गाचा तास खरं तर तुकड्यांचा असतो. दोरीवरच्या उड्यांचे तीन राऊंड, शॅडोचे, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत ठोसे मारण्याचे, तीन, बॅगचे सहा, हलक्या स्पॅरिंगचे दोन. झाले १४ राऊंड, म्हणजे ४२ मिनिटं. प्रत्येक राऊंडनंतर एक मिनिट थांबायचं, ती १४ मिनिटं. उरलेली चार मिनिटं ताण देण्याची.

याचा हिशेब ७० किलोला मांडू. मध्यम वेगाच्या दोरीला यादीत ११.८ मेट आहेत, म्हणून नऊ मिनिटांच्या साधारण १२४ कॅलरी. हो, या सगळ्यात महाग दोरीच! बॅगच्या १८ मिनिटांच्या ११५. शॅडोला मी बॅगचाच दर लावतो, त्या ५८. स्पॅरिंगच्या सहा मिनिटांच्या ५५. विश्रांतीत आपण उभे असलो तरी धाप चालू असते, तेव्हा तिथे अंदाजानं ३ मेट धरले तर ४९ होतात. ताण देण्याच्या १०-११. बेरीज येते ४१० च्या आसपास. आठशे-नऊशेच्या साधारण निम्मी.

त्यातही सगळ्यात फसवा भाग बॅगचा. एखाद्या नवख्याचा एक राऊंड नुसता बघत उभे राहा. बेल वाजते, पहिली तीस सेकंद नुसती धडाधड. मग खांदे भरून येतात, गार्ड, म्हणजे चेहऱ्यापुढे धरलेले हात, छातीपर्यंत उतरतो. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, जातो, पण हात परत यायला वेळ लागतो. मग ग्लोव्हचा पट्टा सैल झाल्याचं आठवतं, तो दातांनी ओढून घेतला जातो. झुलणारी बॅग दोन्ही हातांनी थांबवली जाते, आणि तिला धरूनच दोन श्वास घेतले जातात. शेवटच्या दहा सेकंदांची सूचना आली की पुन्हा धडाधड. घड्याळात राऊंड तीन मिनिटांचा, ठोसे जेमतेम निम्म्या वेळाचे.

शेजारच्या बॅगवरचा मुरलेला खेळाडू धापा टाकताना दिसत नाही, तरी त्याचा खर्च जास्त असू शकतो. त्याचा ठोसा पायातून निघतो, कंबरेतून वळतो आणि मग खांद्यात येतो, म्हणजे शरीरातले मोठे स्नायू कामाला लागतात. नुसत्या हातानं मारणाऱ्याचे दंड लवकर थकतात, मोठे स्नायू मात्र बसून राहतात. तेव्हा दमणूक आणि कॅलरी यांचं गणित एक नाही.

"मग मनगटावरचं घड्याळ कशाला घेतलंय?" असं कुणी विचारेल. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं ६० जणांवर तपासली. नाडीचे ठोके बहुतेक उपकरणांनी चांगले मोजले. कॅलरींच्या बाबतीत मात्र सगळ्यात बरं निघालेलं उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. आणि ही तपासणी चालणं, धावणं, सायकल अशा सरळ हालचालींवर होती.

बॉक्सिंगमध्ये तर घड्याळाची पंचाईतच. ते त्वचेवर प्रकाश टाकून रक्ताची लय वाचतं. इथे मनगटावर हँडरॅपची गुंडाळलेली पट्टी, त्यावर ग्लोव्ह, मूठ आवळलेली आणि वर दर ठोशाचा हादरा. काही जण ते कोपराकडे सरकवतात, तरी हादरे चुकत नाहीत. छातीचा पट्टा बरा, कारण तो हृदयाचे विद्युत संकेत घेतो. पण ठोके अचूक मिळाले तरी त्यावरून काढलेल्या कॅलरी अचूक असतीलच असं नाही. हातांच्या कामात, तेवढ्याच प्राणवायूसाठी, पायांच्या कामापेक्षा हृदय जास्त वेगानं चालतं. उकाड्यानं ठोके वाढतात. आणि स्पॅरिंगमध्ये समोरच्याचा उजवा हात येताना दिसला की वाढतात ते तर निव्वळ धसक्यानं. घड्याळ हे सगळं कॅलरींच्या खात्यात जमा करतं.

आणखी एक वजाबाकी राहिली. आपले ४१० हे त्या तासाचे एकूण. सोफ्यावर बसला असतात तरी त्यातले ७० गेलेच असते. म्हणजे बॉक्सिंगची खरी कमाई ३४० च्या आसपास. व्यायामानंतरही काही काळ शरीर थोडी जादा ऊर्जा खर्च करतं, त्याचा गाजावाजा फार होतो. पण तो खर्च व्यायामाच्या मानानं साधारण ६ ते १५ टक्केच असतो. आणि घामाचा इथे काही संबंध नाही. वर्गानंतर काटा अर्धा किलो खाली दिसला तर ते पाणी आहे, दोन पेले प्यालात की परत येईल.

म्हणून मी जिममध्ये विचारणाऱ्यांना सांगतो, मिनिटं नका मोजू, राऊंड मोजा. दोरीचे किती, बॅगचे किती, स्पॅरिंगचे किती, हे वहीत लिहा आणि आठवड्याची बेरीज करा. हा आकडा वीसेक टक्के इकडेतिकडे असणारच, त्याच्या भरवशावर जादा जेवू नका. घड्याळ वापरायचंच असेल तर एकच वापरा, आणि त्याचा आजचा आकडा मागच्या आठवड्याच्या आकड्याशी ताडून बघा, मित्राच्या आकड्याशी नको.

आणि वजन उतरू लागलं की हिशेब नव्यानं मांडा. ७० चे ६५ किलो झाले तर याच १४ राऊंडचे ४१० नाहीत, ३८० धरायचे.

नमस्कार.